हवेची वसुली

हजच्या दिवसांत भारतातून जाणाऱ्या यात्रेकरूंपैकी बहुसंख्यांचा मुक्काम मक्का शहराच्या ज्या अल अझीझिया भागात असतो, तेथून मिना आणि त्यापुढे अराफातच्या मैदानाकडे जाताना सोलापूर, बीड किंवा लातूरकडील यात्रेकरूच्या दृष्टीस एक परिचित वृक्ष पडतो, आणि तो म्हणजे आपला कडुनिंब. १९८० च्या दशकात, यात्रेकरूंच्या माथ्यावर थोडी सावली असावी ह्या हेतूने, अराफातच्या उघड्या माळावर सुमारे ५० हजार कडुनिंब लावण्यात आले आणि ते आजही तेथे उभे आहेत. मात्र आमच्या मंगळवेढ्याच्या शिवारात जो कडुनिंब बांधावर कोणी न लावता उगवतो, ज्यास जन्मात कोणी तांब्याभर पाणी घातलेले नसते, आणि जो ऐन चैत्रात, विहिरींचे तळ उघडे पडलेले असताना, नव्या पालवीने व मोहोराने भरून येतो, त्याच जातीच्या वृक्षास तेथे जगण्यासाठी नळाचे पाणी नियमाने पुरवावे लागते.

ह्या भेदाचे कारण कोणीही चटकन सांगेल की, मक्केस वर्षाकाठी जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि मंगळवेढ्यास दुष्काळी तालुका म्हणून कितीही दूषण दिले तरी पाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो. हे उत्तर खरे आहे, परंतु ते अर्धे आहे. दुष्काळाचा विचार करताना आपली दृष्टी सदैव आभाळातून खाली काय आले ह्यावर खिळलेली असते; जमिनीतून आणि पानांतून वर किती गेले, हे विचारण्याची आपणांस सवय नाही. वास्तविक पिकाच्या पाण्याचा प्रश्न ह्या दुसऱ्या बाजूने पाहिल्यावाचून उलगडत नाही.

वनस्पती मुळांवाटे जेवढे पाणी शोषून घेते, त्यातील शंभरापैकी पंच्याण्णवांहून अधिक भाग तिच्या देहात राहतच नाही. पानांवरील सूक्ष्म रंध्रांवाटे तो वाफ होऊन हवेत निघून जातो. ही रंध्रे वनस्पतीस बंद ठेवता येत नाहीत असे नव्हे, पण ज्या दारातून पाणी बाहेर जाते त्याच दारातून अन्न बनविण्यास लागणारा कर्बवायू आत येत असल्यामुळे, दार लावून घेणे म्हणजे उपाशी राहणे होय. हवा जितकी कोरडी, उष्ण आणि वाहती असेल तितकी ती पानांतून अधिक पाणी ओढते. एका अर्थाने ही हवेची वसुलीच आहे, आणि ती जुन्या मुंबई इलाख्यातील जमीनमहसुलाहूनही कठोर आहे. कारण पीक बुडाले असता सरकार निदान साऱ्याची तहकुबी देई, क्वचित सूटही देई, पण हवा ज्या वर्षी पीक सर्वांत हलाखीत असते नेमक्या त्याच वर्षी आपला आकार वाढविते.

हा आकार मोजण्याचे शास्त्र फार जुने नाही. इंग्लंडातील रॉथमस्टेड येथील हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली सूर्यप्रकाश, तपमान, आर्द्रता आणि वारा ह्या चार गोष्टींवरून बाष्पीभवनाची मागणी काढण्याचे समीकरण मांडले. १९६५ साली जॉन मॉन्टीथ यांनी त्यात पानांच्या रंध्रांचा विरोध जमेस धरला. आणि १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्याच आधारावर जी पुस्तिका काढली तीच आज जगभर प्रमाण मानली जाते. तिच्या अंदाजाप्रमाणे उष्णकटिबंधातील कोरड्या मुलखात, दिवसाचे सरासरी तपमान वीस अंशांच्या आसपास असता, जमीन पूर्ण झाकणाऱ्या आणि पाण्याची ददात नसलेल्या गवतातून दररोज चार ते सहा मिलिमीटर पाणी उडते. तपमान तीस अंशांपलीकडे गेले की सहा ते आठ. मध्य अरबस्तानच्या भर उन्हाळ्यात हाच आकडा दहापर्यंत व कधी त्याही पुढे जातो. मिलिमीटर हे माप कागदावर क्षुल्लक दिसते, म्हणून सांगावयाचे की एक एकरावरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे चार हजार लिटर. तेव्हा दहा मिलिमीटरांची मागणी म्हणजे दुष्काळी गावास पाणी पुरविणारे दहा हजार लिटरांचे चार टँकर, एका एकरासाठी, रोज.

अशा हवेत सौदी अरेबियाने गहू पिकविला. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आल्यावर, अन्नासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये ह्या विचाराने तेथील सरकारने शेतकऱ्यांस जागतिक बाजारभावाच्या कित्येक पटींनी दर बांधून दिला, यंत्रे, कर्जे आणि जमिनी दिल्या, आणि कासीम, हाइल, तबूक, वादी दवासिर अशा भागांत वाळूवर हिरव्या वर्तुळांची नक्षी उमटली. मध्यभागी विहीर आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारा लांबच लांब फवाऱ्याचा दांडा, अशी ही रचना. १९८० च्या दशकाच्या मध्यास देश गव्हाबाबत स्वयंपूर्ण झाला, आणि १९९२ साली उत्पादन चाळीस लाख टनांपर्यंत जाऊन तो जगातील प्रमुख निर्यातदारांत गणला जाऊ लागला. हे पाणी पावसाचे नव्हते, निदान आजच्या पावसाचे नव्हते. हजारो वर्षांपूर्वी, अरबस्तान आजच्याहून ओला असताना, साक आणि त्यासारख्या खोल वालुकाश्मांच्या थरांत जे मुरले होते ते उपसून हा गहू वाढला. रियाधच्या दक्षिणेस अल अफलाज येथील लैला सरोवरे ह्या उपशाच्या काळातच कोरडी पडली. अल खर्ज येथील ज्या नैसर्गिक जलकुंडांच्या भरवशावर राजे अब्दुलअझीझ यांच्या कारकिर्दीत सरकारी शेती उभी राहिली, त्यांचीही तीच गत झाली.

ह्या कथेतील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. गहू हे तेथे हिवाळी पीक होते. हवेची वसुली वर्षात जेव्हा सर्वांत कमी असते त्या महिन्यांत ते शेतात उभे असे. २००८ साली सरकारने आपली चूक ओळखून गव्हाची खरेदी दरसाल साडेबारा टक्क्यांनी घटवीत २०१६ पर्यंत बंद करण्याचे फर्मान काढले, तेव्हा पुष्कळ शेतकरी लसूणघासाकडे वळले. लसूणघास बारमाही असतो, जून-जुलैच्या भट्टीतही तो हिरवा ठेवावा लागतो, आणि दूधव्यवसायास चाऱ्याची मागणी असल्यामुळे त्यास गिऱ्हाईक होतेच. गव्हाचे क्षेत्र घटले, पण त्याची जागा घेणारे पीक सर्वांत महागड्या ऋतूतही हवेस भरणा करीत राहिले. अखेर हिरव्या चाऱ्याच्या लागवडीवरही निर्बंध आले, गव्हास मर्यादित प्रमाणात पुन्हा परवानगी मिळाली, आणि तेथील मोठ्या दुग्धकंपनीने २०१४ साली अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानात जमीन घेऊन तेथे लसूणघास पिकवून तो जहाजाने मायदेशी आणण्यास आरंभ केला. ॲरिझोना हाही वाळवंटी मुलूखच. तेथील गव्हर्नरांनी २०२३ साली सरकारी जमिनीवरील तिचे काही भाडेपट्टे रद्द केले, ह्यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

पीक कोणते, ह्याइतकाच ते कोणत्या हवेत आणि कोणत्या वर्षी उभे आहे हा प्रश्न निर्णायक असतो, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील ब्रिग्ज आणि शँट्झ ह्या दोघा संशोधकांनी कोलोरॅडोमधील ॲक्रन येथे १९११ पासून मोठमोठ्या कुंड्यांत पिके वाढवून, एक किलो सुके पीक तयार होण्यास किती किलो पाणी लागते हे तोलून पाहिले. ज्वारीस सुमारे ३२०, गव्हास सुमारे ५१० आणि लसूणघासास ८३० च्या घरात, असे त्यांचे आकडे आले. पण ह्या आकड्यांहूनही मौलिक अशी त्यांची नोंद दुसरीच होती. तीच पिके, तीच माती आणि तेच हात असतानाही हे प्रमाण वर्षागणिक बदले, आणि ज्या वर्षी हवा अधिक कोरडी त्या वर्षी त्याच किलोभर पिकासाठी कितीतरी अधिक पाणी द्यावे लागे. पिकाची तहान हा त्याचा स्थिर स्वभावधर्म नसून ती हवेशी झालेल्या व्यवहारातून ठरते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. अरबस्तानच्या वाळवंटात हवेची मागणी भयंकर असली तरी तिच्यात चंचलता थोडी. तेथील शेतकऱ्यास यंदा काय घडेल ह्याचा घोर नसतो, कारण पाऊस येणार नाही हे त्यास पक्के ठाऊक असते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील सोलापूर, सांगलीचा पूर्वभाग, अहिल्यानगर, बीड, धाराशिव ह्या पट्ट्याचे दुखणे निराळे आहे. येथे पाऊस येतो, पण कधी येईल आणि कधी पाठ फिरवील ह्याचा भरवसा नाही. शिवाय येथे आवक आणि वसुली एकमेकांच्या विरुद्ध दिशेने हलतात, हे ह्या प्रदेशाच्या दैन्याचे खरे मूळ होय. पाऊस चांगला झाला की आभाळ झाकोळलेले असते, हवा दमट असते, जमीन ओली असल्याने ऊन तापविण्यापेक्षा वाफ करण्यात खर्ची पडते, आणि म्हणून हवेची मागणी कमी राहते. पावसाने दडी मारली की आभाळ निरभ्र होते, कोरड्या जमिनीवर पडलेले सारे ऊन हवाच तापविते, आर्द्रता घटते, वारा रखरखीत होतो, आणि मुळांपाशी पाणी नसताना पानांकडून होणारी मागणी शिगेस पोहोचते. जमा घटली त्याच वर्षी खर्च वाढला, असा हा दुहेरी मार आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, १९०१ पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट अनुभवाला आला तेव्हा, खरिपाची सोयाबीन आणि मूग ज्या वेगाने माना टाकू लागले तो नुसत्या पावसाच्या तुटीने समजावून सांगता येत नाही.

जुन्या शेतकऱ्यांनी ह्या दुहेरी मारावर जे उत्तर शोधले ते म्हणजे रब्बी ज्वारी. सोलापूरकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. खोल काळी जमीन तो पिऊन घेते आणि मीटरभर खोलीत पिकाच्या कामी येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवते. उत्तरा-हस्ताच्या पावसावर वाफसा आला की पेरणी होते, आणि पुढे चार महिने पाऊस नसला तरी पीक ह्या साठवलेल्या ओलीवर तग धरते, कारण नोव्हेंबर ते जानेवारी ह्या काळात हवेची वसुली सर्वांत सौम्य असते. ज्या मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारांतील धान्य दामाजीपंतांनी दुष्काळात रयतेस वाटल्याची कथा सांगतात, त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक वाणांतून निवडलेली मालदांडी ३५-१ आजही आपले नाव राखून आहे. शास्त्रज्ञांनी ह्या शहाणपणास आकड्यांची जोड दिली तीही येथेच: कोरडवाहू शेतीचे संशोधन मांजरी येथे १९२० च्या दशकात सुरू झाले, १९३३ साली सोलापुरास स्वतंत्र केंद्र निघाले, आणि एन. व्ही. कानिटकर यांनी ह्या सर्व प्रयोगांचा आढावा पुढे ग्रंथरूपाने घेतला. त्याच सुमारास, १९३२ साली, पुण्याच्या वेधशाळेत शेतकी हवामानशास्त्राचा विभाग निघून एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली मातीलगतच्या हवेचा अभ्यास सुरू झाला. इतक्या वर्षांपूर्वी पुण्यात आणि सोलापुरात एकाच वेळी मातीचा आणि हवेचा असा अभ्यास चालू होता, हे आजच्या आमच्या शेतीच्या चर्चांत कोणास आठवतही नाही.

शेतकऱ्याची कोळपणी हीसुद्धा ह्या वसुलीविरुद्धची लढाईच असते. काळी माती वाळू लागली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालच्या थरांतली ओल थेट हवेस मिळते. कोळप्याने वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात, तणांचा हिस्सा थांबतो, आणि एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी हे म्हाताऱ्या कुणब्याचे म्हणणे खरे ठरते. पेरणीपूर्वी शेतात बंदिस्त वाफे पाडून सप्टेंबरचे पाणी जागीच जिरविण्याची जी शिफारस कृषिविद्यापीठ करते, तिचाही हेतू एवढाच की हिवाळ्यापूर्वी जमिनीत होईल तितके जमा पडावे.

परंतु हे सारे गणित हिवाळा थंड असण्यावर उभारलेले आहे. समजा, जमिनीत १८० मिलिमीटर ओल आहे. पीक ऐन भरात असता रोज चार मिलिमीटर खर्च झाला तर ती पंचेचाळीस दिवस पुरेल. हवा तापून खर्च पाचावर गेला तर छत्तीस दिवस. नऊ दिवसांचा हा फरक पोटरीत असलेल्या किंवा दाणे भरत असलेल्या ज्वारीस जीवनमरणाचा असतो. ओल संपत आली की ताटे आतून पोकळ होऊन कोलमडतात. शेतकरी ज्यास खडखड्या म्हणतात तो बुरशीचा रोग नेमका अशा तहानलेल्या पिकास गाठतो, आणि दाण्याबरोबर जनावरांचा कडबाही वाया जातो. पाऊस लांबून पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापलीकडे गेली तर दाणे भरण्याचा काळ फेब्रुवारीत जातो, आणि फेब्रुवारीचा आता भरवसा राहिलेला नाही. २०२३ चा फेब्रुवारी कमाल तपमानाच्या दृष्टीने देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला होता. तपमान एक अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि तेवढे बाष्प तिला कोठून तरी मिळाले नाही तर तिचा कोरडेपणा वाढतो.

मात्र तपमान वाढले म्हणजे पाण्याची गरज त्याच हिशेबाने वाढलीच, असे सरळ त्रैराशिक मांडणे हा उतावळेपणा होईल. पुण्याच्या हवामान खात्यातील चट्टोपाध्याय आणि इंग्लंडातील ह्यूम यांनी १९९७ साली भारतातील जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा, तपमान वाढत असूनही देशाच्या बऱ्याच भागांत उघड्या पात्रांतील बाष्पीभवन घटत गेल्याचे त्यांना आढळले. हवेतील आर्द्रता वाढली होती, आणि उष्णतेचा परिणाम तिने झाकून टाकला होता. शिवाय उष्णतेने पीक लवकर पिकते, म्हणजे शेतात उभे राहण्याचे दिवस घटून एकूण पाणी कदाचित कमीही लागते; पण ते वाचलेले पाणी म्हणजे न भरलेला दाणा, आणि ह्या बचतीचे कौतुक कोणताही शेतकरी करणार नाही. वातावरणातील वाढत्या कर्बवायूमुळे पानांची रंध्रे थोडी मिटूनही काम भागते, हा एक दिलासा आहे खरा, पण रंध्रे मिटली की पान तापते, हेही तितकेच खरे.

अशा मुलखात उसाचे क्षेत्र वाढत जावे, ह्यास काय म्हणावे? राज्याच्या पिकाखालील जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यात तो दोन-तृतीयांशाच्या घरात असल्याचे अनेक सरकारी अहवालांत नमूद आहे. ज्वारी हिवाळ्यापुरती हवेस भरणा करते. ऊस एप्रिल आणि मे सुद्धा शेतात काढतो, म्हणजे लसूणघासाप्रमाणेच वसुलीच्या सर्वांत जुलमी महिन्यांत तो उभा असतो, आणि ज्या वर्षी धरण भरत नाही त्या वर्षी त्याची मागणी वाढलेली असते. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्हा साखरेचा जिल्हा झाला, ह्यात कर्तृत्व नाही असे कोण म्हणेल. पण सौदी अरेबियाने गव्हावरून लसूणघासाकडे जाताना जे केले, त्याहून हे फार वेगळे आहे असे मला वाटत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावास विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता माणशी वाटले आणि त्या पाण्यावर ऊस लावण्यास मनाई केली. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून त्या वर्षी कोणते पीक घ्यावयाचे हे ठरविते. ही दोन्ही गावे अपवाद म्हणून गौरविली जातात, ती अपवादच राहिली ही आमची नामुष्की.

सरकारी दप्तराची गोष्ट त्याहून निराळी नाही. इंग्रजी अमलातील आणेवारी दशमान पद्धतीबरोबर पैसेवारी झाली, पण पद्धतीचा गाभा पीक गेल्यानंतर ते किती गेले हे ठरविण्याचाच राहिला. ५० पैशांहून कमी आली की गाव दुष्काळी. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाची तूट, खंडाचे दिवस, उपग्रहाने टिपलेला पिकांचा हिरवेपणा, मातीतील ओल अशा कसोट्या आणल्या, आणि त्या लावून महाराष्ट्र सरकारने २०१८ साली १५१ तालुक्यांत व २०२३ साली ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. ही प्रगती आहे, तथापि खंड मोजताना पावसाविण गेलेला प्रत्येक दिवस सारखाच धरला जातो. ढगाळ, दमट हवेतील वीस कोरडे दिवस आणि तापल्या वाऱ्यातील वीस कोरडे दिवस ह्यांत पिकाच्या दृष्टीने दुप्पट अंतर असू शकते, ते त्या मोजणीत दिसत नाही.

सुदैवाने हे अंतर मोजण्यासाठी नवे काही उभारावयाचे नाही. महावेध योजनेखाली राज्याच्या महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसविलेली आहेत आणि ती पावसाबरोबरच तपमान, आर्द्रता व वारा ह्यांचीही दिवसरात्र नोंद घेतात. रोजच्या पावसाचा आकडा आज प्रत्येक मंडळातून मिळतो. त्याच्या शेजारी, त्या मंडळात त्या दिवशी हवेने एकरी किती हजार लिटर पाणी मागितले, हा दुसरा आकडा छापणे कृषी खात्यास अवघड नाही. तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत रोज यावा, आणि दुष्काळ जाहीर करताना पावसाच्या तुटीबरोबर तोही जमेस धरावा, अशी मागणी शेतकरी संघटनांनी येत्या खरिपापूर्वी सरकारकडे करावी.